चिंचोक्यांचं यंत्र

एप्रिल महिन्यातल्या एका बाजाराच्या दिवशी गोरक्षनाथ मास्तरांनी शेवगावात दोन मापटी चिंचोके विकत घेतले. साल त्र्याहत्तर. पावसानं तोंड फिरवल्याला बरेच महिने झाले होते आणि बाजारात गिऱ्हाइकांपेक्षा धूळ जास्त होती. चिंचोके विकणाऱ्या म्हातारीनं मास्तरांच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडं एकदा बघितलं आणि हळूच विचारलं, "भाजून खायाला का, मास्तर?"

"नाही आजी. शाळेत लागतात."

तिला ते पटलं नाही. पण तिनं एक ओंजळ वर घातली.

मास्तर खरं तेच बोलले होते. ते हायस्कुलात गणित शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला तीन आठवड्यांचा एक वर्ग झाला होता, कॉम्प्युटरला काम कसं सांगायचं याचा. चाळीस जणांत खेड्यातून आलेले हे एकटेच. कॉम्प्युटर काचेच्या पलीकडं, थंड केलेल्या खोलीत. तीन आठवड्यांत त्याला हात लावायला मिळाला तो एकदाच, आणि तोही शेवटच्या दिवशी. पण मास्तर तिथून जे वेड घेऊन आले ते उतरलं नाही. सोबत आणलेलं पुस्तक म्हणजे सायक्लोस्टाइल केलेली चौसष्ट पानं, दोऱ्यानं शिवलेली. साऱ्या तालुक्यात या विद्येचं तेवढंच पुस्तक. अडलं की त्यात बघायचं. त्यात नसलं की पुण्याला राधाकृष्ण सरांना पोस्टकार्ड टाकायचं आणि आठ-दहा दिवस पोस्टमनची वाट बघायची. राधाकृष्ण सर म्हणजे त्या वर्गात शिकवणारे. ते प्रत्येक कार्डाला उत्तर द्यायचे, बारीक अक्षरात, पत्ता लिहायच्या जागेपर्यंत भरून. विचारायला तिसरी जागा नव्हती. पुढं काळ बदलला, कपाटंच्या कपाटं भरतील इतकी पुस्तकं आली, घरबसल्या साऱ्या जगाला विचारता येऊ लागलं. पण त्या वेळी चौसष्ट पानं आणि एक कार्ड, एवढंच.

तालुक्याच्या साहेबांना एक तक्ता हवा होता. अडतीस गावांच्या विहिरी, कुठल्या गावचं पाणी किती दिवसांत सरेल? टँकर त्याप्रमाणं फिरवायचे. मास्तर म्हणाले, मी करून देतो. त्यांनी सरांना लिहिलं. सरांचं उत्तर आलं: "प्रोग्रॅमची भोकं पाडलेली कार्डं पाठवा, मशीनवर चालवून देतो. पण महिन्यातून एकदाच पाळी मिळते. एक भोक चुकलं तरी महिना गेला. म्हणून आधी घरी हातानं चालवून बघा. स्वतः मशीन व्हा."

मास्तरांनी मशीन होऊन बघितलं. जमेना. आपल्याला काय म्हणायचंय ते आपल्याला माहीत असतं, त्यामुळं लिहिताना झालेली चूक डोळा ओलांडून जातो. त्यांना हवं होतं असं माणूस, जे सांगितलं तेवढंच करील, कमी नाही आणि जास्त नाही.

असं माणूस शाळेतच होतं. कडूबाई. शाळेचे पाण्याचे माठ भरायची. पन्नाशीची, अंगानं काटकुळी, नवरा कधीच गेलेला. मूळची आवळेवाडीची, शाळेपासून आठ मैलांवरची. अक्षर एक ओळखीचं नाही. पण माठ दहा असले तर दहाही काठोकाठ, आणि वाटेत थेंब सांडलेला कुणी पाहिला नाही.

सुट्टी लागली आणि मास्तरांनी आठवीचा वर्ग मागून घेतला. फरशीवर खडूनं घरं आखली. एका घरात विहिरीचं चित्र, एकात घागरीचं, एकात टँकरचं, एकात सूर्याचं. एक चिंचोका म्हणजे हजार लिटर पाणी. सूर्याच्या घरात मात्र एक चिंचोका म्हणजे एक दिवस. बाजूला चार चिठ्ठ्या ओळीनं, हाच प्रोग्रॅम, त्यांवरही चित्रंच. पहिली सांगायची, घागरीच्या घरात जितके चिंचोके दिसतात तितके विहिरीतून काढ. दुसरी, टँकरच्या घरात जितके तितके विहिरीत टाक. तिसरी, सूर्याच्या घरात एक टाक. चौथी, विहीर सरली का बघ. सरली नसली तर बाणाच्या मागं पहिल्या चिठ्ठीवर जा. कुठली चिठ्ठी चालू आहे ते कळावं म्हणून तिच्यावर एक पांढरी गारगोटी ठेवायची.

"मावशी, यात एकच नियम," मास्तर म्हणाले. "डोकं चालवायचं नाही. चिठ्ठी सांगेल तेवढंच. आणि मशीन बोलत नाही."

"बरं," कडूबाई म्हणाली, आणि पदर खोचून फरशीवर बसली.

दहा दिवसांत अकरा गावं झाली. मास्तरांनी रात्री घरी बसून पडताळा घेतला, एकही चूक नाही. पुण्याच्या काचेपलीकडचं ते यंत्र त्यांनी मनात हजारदा आठवलं होतं, पण इतकं नेमकं काही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. हात जायचा, मोजायचा, ठेवायचा, गारगोटी सरकायची. थकवा नाही, घाई नाही. मास्तर बघत बसायचे, आणि बघता बघता त्यांना आपल्याच प्रोग्रॅमची लाज वाटायची, इतकं तिचं काम स्वच्छ होतं.

तोवर नियम तिनं एकदाच मोडला. पहिल्याच गावाला हात थांबवून म्हणाली, "मास्तर, बोलू का?"

"बोला."

"पानी सकाळीच सरलं, आन तुमी त्यो दिस पुरा धरला. त्या दिशी लोकांनी काय प्यायचं?"

मास्तरांनी चौसष्ट पानं चाळली. त्यात नव्हतं. सरांना कार्ड टाकलं. उत्तर आलं: "तुमचं मशीन बरोबर आहे. एक दिवस जास्त मोजला जातोय. ही चूक मी स्वतः तीन वेळा केली आहे. कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नाही."

मास्तरांनी ते कार्ड तिला वाचून दाखवलं. ती हसली नाही, लाजलीही नाही. फक्त म्हणाली, "पान्याचं हाय ना. ते कळतं."

चार मेच्या दुपारी आवळेवाडीची पाळी आली. विहिरीत अकरा चिंचोके. गावाला रोज लागणारे नऊ. टँकर रोज टाकणार नऊ.

नऊ काढले, नऊ टाकले, सूर्याला एक. गारगोटी मागं. नऊ काढले, नऊ टाकले. पाच सूर्य झाले तेव्हा तिनं हात थांबवला.

"मास्तर, हितं विहीर सरायचीच न्हाई. ही चिठ्ठी मला माघारी धाडतीया. कुठवर फिरायचं ते कुठं लिव्हलंय?"

मास्तरांना घरी जायची घाई होती. शिवाय तेच तेच बघून ते कंटाळले होते. "विहीर रिकामी होईपर्यंत मावशी. मशीन असं विचारत नाही."

"म्हंजी रिकामी झाल्याबिगर उठायचं न्हाई."

"नाही उठायचं."

"बरं," ती म्हणाली. मग दाराशी जाऊन चपला घालताना, "परवा गावाकडं जाऊन येते. आल्यावर बसते."

मास्तरांनी वहीत टिपलं, सूर्य पाच, गारगोटी पहिल्या चिठ्ठीवर. वर्गाला कुलूप घातलं. किल्ली एकच होती, ती त्यांच्या खिशात.

रविवारी, सहा तारखेला, कडूबाई आवळेवाडीच्या वाटेवर ऊन लागून गेली. बाभळीच्या सावलीला बसलेली सापडली, गाव तीन मैलांवर राहिलेलं. पाठ ताठ आणि हात मांडीवर, उताणे. मास्तर मातीला गेले. तिचा पुतण्या सहादेव यानं अग्नी दिला.

वर्ग उघडायचं धाडस त्यांना आठवडाभर झालं नाही. तेरा तारखेला सकाळी, सगळं आवरून टाकावं म्हणून ते गेले. कुलूप जागच्या जागी. खिडक्या आतून लावलेल्या. फरशीवर घरं, चिठ्ठ्या, चिंचोके, सगळं जसंच्या तसं, वरून धुळीचा पातळ थर.

फक्त सूर्याच्या घरातल्या चिंचोक्यांवर धूळ नव्हती. मास्तरांनी ते मोजले. बारा भरले.

उंदीर, असं ते स्वतःशी मोठ्यानं म्हणाले. मग विहिरीचं घर मोजलं. अकरा. उंदीर नेतो. नेलेलं मोजून परत ठेवत नाही.

त्यांनी आवरलं नाही. दुपारी पुन्हा आले, दार लोटून फळ्याकडं तोंड करून बाकावर बसले. बाहेर चिटपाखरू नव्हतं. ऊन असं की पत्रा मधूनच कडकडत होता. एक वाजला असेल. आधी वास आला. ओल्या फडक्याचा, डोक्यावरच्या चुंबळीचा, ज्या वासाला महिनोन्महिने कोरड्या असलेल्या त्या वर्गात जागाच नव्हती. मग मागं गारगोटी फरशीवरून सरकली.

टक्... टक्... टक्...

मास्तरांनी मान वळवली नाही. त्यांनी कानानं मोजलं. नऊ. मग थोडं थांबून पुन्हा नऊ. मग एकच, जरा लांब, जिथं सूर्याचं घर होतं तिथं. मग गारगोटी.

"मावशी..." त्यांच्या तोंडून निघालं.

काही नाही. फक्त कापड आवरल्यासारखी हलकी सळसळ. मशीन बोलत नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं.

बऱ्याच वेळानं ते वळले. सूर्याच्या घरात तेरा होते.

त्या संध्याकाळी मास्तर जेवले नाहीत. बायकोनं, पुष्पावतीनं, विचारलं तर म्हणाले ऊन बाधलं. कंदिलापाशी बसून त्यांनी चौसष्ट पानं पहिल्यापासून वाचली. पुस्तक म्हणत होतं, शेवटच्या चिठ्ठीच्या पुढं गेलं की काम थांबतं. जे शेवटच्या चिठ्ठीच्या पुढं कधी जातच नाही, त्याचं काय, हे पुस्तकात नव्हतं. आपण त्या बाईला फेऱ्यात बसवलंय आणि ऊठ म्हणायला विसरलोय, एवढंच त्यांना कळत होतं. ते कसं म्हणायचं ते कळत नव्हतं. त्यांनी सरांना कार्ड लिहिलं. कडूबाईचं नाव घातलं नाही. फक्त विचारलं, फेरा संपत नसेल तर थांबवायचं कसं?

नऊ दिवस गेले. रोज दुपारी एकच्या सुमारास नऊ, नऊ आणि एक. मास्तर रोज जाऊन बसायचे. भीती जात नव्हती, पण भीतीच्या पोटात आणखी काहीतरी तयार होत होतं. इतक्या दिवसांत एकदाही नवाचे दहा झाले नव्हते.

बावीस तारखेला कार्ड आलं. "मशीन आपणहून थांबत नाही. शेजारी बसलेला माणूस बटण दाबतो. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी तो माणूस गृहीत धरला, म्हणून लिहिलं नाही. यापुढं प्रत्येक फेऱ्याला मर्यादा घाला: इतक्या दिवसांत सरलं नाही तर सोड आणि पुढं जा. कुठवर फिरायचं, हे आधी लिहायचं असतं."

कुठवर फिरायचं. तिनं हेच विचारलं होतं, अगदी याच शब्दांत. पुण्याहून यायला नऊ दिवस लागलेलं उत्तर फरशीवर बसून तिनं आधीच दिलेलं होतं, आणि मास्तरांना घरी जायची घाई होती.

तेवीसच्या सकाळी त्यांनी पाचवी चिठ्ठी काढली. तिच्यावर पालथी घागर. म्हणजे झालं, पाणी भरणं संपलं. ती त्यांनी पहिल्या चिठ्ठीच्या आधी ठेवली, गारगोटी तिच्यावर सरकवली आणि फरशीला हात लावून नमस्कार केला. "मावशी, उठा आता. माझ्याकडून राहिलं होतं."

त्या दुपारी वर्गात नुसतं ऊन होतं. वास नाही, आवाज नाही. मास्तर बाकावर डोकं टेकून लहान पोरासारखे रडले. दुसऱ्या दिवशीही शांत.

तिसऱ्या दिवशी, पंचवीस तारखेला, सहादेव शेवगावात आला होता. तो मुद्दाम वाकडी वाट करून मास्तरांकडं आला. ओट्यावर टेकला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि अर्ध्यावर थांबवून खाली ठेवला.

"आमच्याकडलं पानी गेलं, मास्तर."

"टँकर येतो ना तुमच्याकडं?"

"कुठला टँकर? चुलती गेली त्याच दिशी त्याचं गिअर गेलं. तवापास्नं एक खेप न्हाई. येकोणीस दिस झालं."

"मग... इतके दिवस?"

सहादेवनं आवाज उतरवला. "त्येच कुनाला उमगंना. समदी वाडी भरायची. सांजच्याला तळ दिसायचा, आन दुसऱ्या दिशी दुपार टळली की पानी पुन्यांदा त्याच खुनंला. बोटभर कमी न्हाई, बोटभर जादा न्हाई. आमी भिऊन कुनाला बोललो न्हाई. परवा दुपारी म्हातारी मान्सं काठावर जाऊन बसली, तर पानी चढलंच न्हाई. काल बी न्हाई. आता निस्ता चिखुल हाय."

परवा म्हणजे तेवीस.

मास्तर अनवाणीच उठले. सहादेव मागून काहीतरी विचारत होता, ते त्यांना ऐकू आलं नाही. शाळेपर्यंत ते पळत गेले. कुलूप काढलं. पालथ्या घागरीची चिठ्ठी त्यांनी उचलली, खिशात घातली, गारगोटी पहिल्या चिठ्ठीवर ठेवली आणि फळ्याकडं तोंड करून बसले.

एक वाजला. दीड वाजला. दोन.

काहीच नाही.

मग मास्तर बाकावरून उतरले आणि जिथं ती बसायची तिथं, तिच्या जागेच्या समोर, फरशीवर बसले. डोळे मिटून घेतले.

"मावशी," ते म्हणाले, "मी तुम्हाला उठवलं ते चुकलं. तुम्ही कशासाठी बसला होता ते मला कळलं नाही. तुम्ही दमला असाल तर... तर मी काही म्हणू शकत नाही. माझा तोंड उघडायचा अधिकार नाही. पण वाडी कोरडी पडलीय."

पत्रा कडकडला. खूप वेळ गेला. आणि मग ओल्या चुंबळीचा वास इतका जवळून आला की मास्तरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. कुणीतरी हातभर अंतरावर खाली बसलं होतं. वयस्क गुडघ्यांचा बारीक आवाज झाला.

टक्... टक्... टक्...

नऊ. मग नऊ. मग सूर्याच्या घरात एक.

त्या दिवसापासून मास्तरांनी आपली सुट्टी त्या वर्गात काढली. साहेबांच्या कचेरीत ते रोज सकाळी जाऊन उभे राहायचे, आवळेवाडीला दुसरा टँकर द्या म्हणून. दुपारी वर्गात. उरलेली सव्वीस गावं त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात घरं आखून स्वतःच्या हातानं चालवली, डोकं न चालवता, चिठ्ठी सांगेल तेवढंच, जशी ती करायची तशी. आणि आता त्यांना आपल्या चुका दिसायला लागल्या. एकूण सहा सापडल्या. पुस्तकातून एकही नाही. सहादेव दर आठवड्याला यायचा आणि म्हणायचा, खुनंला हाय. कशामुळं, ते त्यानं विचारलं नाही आणि मास्तरांनी सांगितलं नाही.

जूनच्या चौदा तारखेला आवळेवाडीला टँकर सुरू झाला. मास्तर स्वतः जाऊन बघून आले, पाणी विहिरीत पडताना. परत आल्यावर त्यांनी एक नवी घागर काठोकाठ भरून वर्गात नेली. दुपारचा फेरा पुरा होऊ दिला. सूर्याच्या घरात त्रेचाळीस झाले. मग त्यांनी पालथ्या घागरीची चिठ्ठी ठेवली, भरलेली घागर कडूबाईच्या जागेशी ठेवली, आणि दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गात शांत होतं. सहादेवचा निरोप आला, पानी हाय. मास्तरांनी फरशी स्वतः पुसली.

ऑगस्टात त्यांनी भोकं पाडलेली कार्डं पुण्याला पाठवली. प्रोग्रॅममध्ये आता मर्यादा होती: तीनशे पासष्ट दिवसांत विहीर सरली नाही तर सोड, ३६५ छाप आणि पुढच्या गावाला जा. आवळेवाडीच्या पुढं तोच आकडा यायचा होता, दुसरा येऊच शकत नव्हता.

सप्टेंबरात राधाकृष्ण सरांचं उत्तर आलं. या वेळी कार्ड नव्हतं, पाकीट होतं.

"सदतीस गावं बिनचूक. इतका स्वच्छ प्रोग्रॅम पहिल्या फेरीत चाललेला मी पाहिला नाही, मनापासून शाबासकी. मात्र आवळेवाडीसमोर ३६५ ऐवजी ४४ छापलं गेलं. कार्डं तपासली, ठीक आहेत. दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी तीच कार्डं पुन्हा चालवली. ४५ आलं. तिसऱ्या दिवशी ४६. तीच कार्डं आणि तेच मशीन असताना हे होत नाही. मुंबईच्या इंजिनीअरांना विचारलं, त्यांच्याकडं मोठाली पुस्तकं आहेत, त्यांतही काही नाही. एक विचारायचं आहे, रागावू नका. हा प्रोग्रॅम तुमच्याकडं आधी कुणी चालवला होता? आम्ही चौथ्यांदा चालवला नाही. कार्डं कपाटात आहेत. काल वीज नव्हती, म्हणून मशीन दिवसभर बंद होतं. आज सकाळी मी खोली उघडली, तर प्रिंटरच्या कागदावर ४७ होतं, आणि कागद ओला होता."